दिवा कोणाचा?

आम्ही नगरकर. समुद्र आमच्यापासून फार दूर. तरीही शहराकडे येताना डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत दिसली, की आमच्या तोंडून निघतेच, ‘आलं नगर!’ लोक तिला चाँदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. नाव चुकले, पण खूण चुकली नाही. वाटसरूला तेवढे पुरते.

समुद्रावरच्या वाटसरूसाठी हेच काम दीपगृह करते. नगरच्या निजामशाहीचा हातही एकेकाळी समुद्रापर्यंत पोचला होता. चौल तिचे बंदर. तिथून जवळच, रेवदंड्यासमोर खाडीच्या पलीकडे, कोर्लईची टेकडी आहे. १५९४ साली बुऱ्हाण निजामशहाने तिच्यावर तटबंदी घातली आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी ती जिंकून घेतली. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला. ज्याने घेतला तो म्हणाला, ‘हा माझा.’ आज त्याच टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला दीपगृह उभे आहे. आपल्या बंदरात येणारी मोठी जहाजे दीपशुल्क भरतात, हे खरे. पण बंदराला न लागता पुढे निघून जाणारे जहाज काहीच भरत नाही. खडक कुठे आहे, हे दिवा त्यालाही सांगतो.

मग दिवा कोणाचा? ज्याने लावला त्याचा, ज्याने सांभाळला त्याचा, की जागा ज्याची त्याचा?

हा प्रश्न खरोखरच न्यायालयात गेला. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी ‘पेद्रा ब्रांका’ नावाचा खडक आहे. इंग्रजांनी त्यावर बांधलेले हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ मध्ये उजळले. पुढे ते सिंगापूरने चालवले. मलेशियाचे म्हणणे असे, की खडक जोहोरच्या सुलतानाचा. दिवा सांभाळला म्हणून कोणी मालक होत नाही. २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. खडक मुळात जोहोरचा होता, हे न्यायालयाने मान्य केले; पण पुढे दोन्ही बाजू जशा वागल्या, त्यावरून आणि विशेषतः जोहोरने १९५३ मध्ये लिहिलेल्या एका पत्रावरून, तो सिंगापूरचा ठरवला.

कायद्याचा निकाल कायद्यापुरता. आमच्या मनात मात्र तो वेगळ्या अंगाने घर करून बसला. कारण आम्हीही सतत असाच एक खटला लढत असतो. कोणी विचारले, ‘तुम्ही इथले का?’ की आम्ही यादी काढतो. आमच्या पूर्वजांनी नगर वसवले, खापरी नळांनी पाणी आणले, इमारती उभ्या केल्या. २०२४ मध्ये शहराचे नाव बदलले, तेव्हा तर ही यादी आम्ही अधिकच घाईने काढली.

यादी खोटी नाही. पण ती पुराव्यासाठी काढली, की दोन नुकसाने होतात. एक, खिदमतीची पावती होते. ज्याने नळ घातला, त्याने तो तहानेसाठी घातला होता. चार शतकांनी नातवंडांना दाखला मिळावा म्हणून नव्हे. दुसरे नुकसान मोठे. हक्क खिदमतीवर टांगला, तर ज्याच्या बापदादांनी काहीच बांधले नाही, त्या तांबोळ्याचे, पिंजाऱ्याचे, मोलकरणीचे काय? त्यांनी कोणता किल्ला दाखवावा? माणूस जिथे जन्मतो, राबतो, मरतो, तिथला तो असतोच. ती काही मजुरी नव्हे, की आधी काम दाखवा आणि मग घ्या.

म्हणून आम्हाला वाटते, हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेत. हक्क मागताना उपकार सांगू नयेत. उपकार करताना हक्क मोजू नये. आपले इथले असणे आपण ताठ मानेने, कोणतीही यादी न देता सांगावे. आणि दिवा लावायचा तो खडकासाठी लावावा. कारण खडक अंधारात असतो आणि जहाज कोणाचेही असू शकते.

डोंगरावरच्या त्या कबरीला लोक अजून चाँदबिबीचाच महाल म्हणतात. सलाबतखानाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.