स्वमग्न नक्की कोण?

माझा भाचा चार वर्षांचा होता तेव्हा त्याच्या तपासणीचा फॉर्म ताईने माझ्याकडे दिला. तिने तो एकदा वाचला होता, पुन्हा वाचायचा नव्हता. मी प्रश्न मोठ्याने वाचत होतो आणि ती स्वयंपाकघरातून उत्तरं देत होती. हाक मारल्यावर बघतो का? नजरेला नजर देतो का? आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतो का? ऐकलेली वाक्यं अर्थाशिवाय पुन्हा पुन्हा म्हणतो का?

"हो लिही," ती म्हणाली. "दिवसभर लोकलची अनाउन्समेंट चालू असते."

मी 'हो'वर टिक केली.

काही महिन्यांनी दादरला एका लग्नात बँड सुरू झाला. भाच्याने कानांवर हात दाबले आणि तो खुर्चीखाली शिरला. तिथून एकच वाक्य येत राहिलं : "पुढील स्टेशन, ठाकुर्ली. पुढील स्टेशन, ठाकुर्ली." नातेवाईक हसले. ताईचं घर ठाकुर्लीला आहे. त्याला घरी जायचं होतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे असलेलं सगळ्यात अचूक वाक्य तो आम्हाला ऐकवत होता. फॉर्मवर 'अर्थाशिवाय' या शब्दापुढे टिक मी केली होती. अर्थ शोधायचा प्रयत्न मात्र एकदाही केला नव्हता.

ऑटिझमची लक्षणं ओळखता येणं गरजेचं आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. वर्षाचं मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, हवी ती वस्तू आणायला आपला हात धरून एखाद्या अवजारासारखा वापरत असेल, तर वाट बघू नये. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी चाकच फिरवत बसणं, वस्तू ओळीत लावणं, हात फडफडवणं, रस्ता बदलला की कोसळणं, कुकरच्या शिट्टीने किंवा मिक्सरने हैराण होणं, हीसुद्धा नेहमी दिसणारी चिन्हं. एकट्यादुकट्या चिन्हावरून निदान होत नाही. ते काम विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचं. पण "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत आमच्या घरात एक अख्खं वर्ष गेलं, ते परत मिळालं नाही.

माझी शंका यादीबद्दल नाही, यादी कुठे उभं राहून लिहिली आहे त्याबद्दल आहे. ती जवळजवळ पूर्णपणे बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची आहे. 'बघत नाही', 'बोलत नाही', 'मिसळत नाही'. बघत नाही म्हणजे आपल्याकडे बघत नाही. तो तेव्हा दुसरं काहीतरी बघत असतो, आणि ते काय, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो.

हा झुकाव नावातच आहे. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो आधी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. 1943 साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तो उचलला. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण तो निदानाबरोबर एक निवाडाही देतो : हा स्वतःत बुडालेला, आपण जगात.

अशा निवाड्यांची किंमत कोणीतरी मोजतं. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत आईच्या थंडपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं असं बरेच तज्ज्ञ मानत. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967च्या पुस्तकात हेच मांडलं. 1977मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला आणि तो आरोप ढासळत गेला. तरीही ताईला आजही ऐकावं लागतं, "तू नोकरी केलीस ना, म्हणून." नाहीतर, "मोबाईल दिला असशील."

2012 साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात. पण इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? न समजणं दोन्ही बाजूंनी आहे. 2020मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. माझ्या कामात दोन सिस्टिम्सचं एकमेकींशी जुळेनासं झालं तर आम्ही दोन्हीकडचे लॉग बघतो. माणसांच्या बाबतीत मात्र अल्पसंख्य बाजूला नादुरुस्त ठरवून मोकळे होतो.

इथे खरा नैतिक प्रश्न येतो. भाच्याला एका ठिकाणी 'डोळ्यांत बघ' शिकवत होते. बघितलं की चिप्सचा एक तुकडा. कित्येक ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितलंय की डोळ्यांत बघणं त्यांना त्रासाचं होतं, आणि नजर दुसरीकडे असली की ऐकू नीट येतं. मग हा धडा कोणासाठी होता? मी ताईला म्हटलं, हे थांबव. हातांची फडफडही थांबवू नका, त्याने कोणाचं काय बिघडतं?

ती चिडली. "तुला हे बोलायला परवडतं. तू महिन्यातून एकदा येतोस. शाळेच्या मुलाखतीत याने मान वर केली नाही तर ॲडमिशन मिळत नाही. आणि माझ्यानंतर याला कोण सांभाळणार, तू?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही. ते न म्हणता येणं हाही या निबंधाचा भाग आहे.

त्या भांडणातून मला एक कसोटी मिळाली : काहीही शिकवण्याआधी विचारायचं, हे कोणाच्या सोयीसाठी? दुखतंय हे सांगता येणं, 'नको' म्हणता येणं, रस्त्यावर थांबणं, डोकं आपटून घ्यायची वेळ न येणं, हे त्याच्यासाठी. त्यासाठी लागेल तेवढे कष्ट घ्यावेत. काही मुलं कधीच बोलत नाहीत, काहींना आयुष्यभर चोवीस तास सोबत लागते. त्यांच्या आईवडिलांना 'हा फक्त वेगळेपणा आहे' असं ऐकवणं क्रूरपणा आहे. पण नजर, स्थिर हात, 'नॉर्मल' दिसणं, हे बहुतेक वेळा आपल्यासाठी असतं.

कसोटी पुरी पडत नाही, हेही खरं. शाळा नजरेवरून निवड करत असेल तर नजर शिकणं त्याच्या फायद्याचंच होतं. पण मग दोष शाळेचा, आणि बदलायचं काम फक्त चार वर्षांच्या मुलाने का करावं? आपल्या 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारांत ऑटिझम धरला आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत व्यक्तीतली कमतरता एकटी नाही. बाहेरच्या अडथळ्यांशी गाठ पडून तिचा समाजातला सहभाग कसा अडतो, तेही आहे. बँडचा आवाज हाही अडथळा आहे. हसणारे नातेवाईकही.

ताईने चिप्सचा धडा बंद केला, बाकीची थेरपी चालू ठेवली. आता तो 'नको'साठी कार्ड दाखवतो. मी महिन्यातून दोनदा जातो. आम्ही ठाकुर्लीच्या पुलावर उभे राहतो, तो गाड्यांकडे बघतो आणि मीही. मागच्या रविवारी एक फास्ट लोकल न थांबता गेली. त्याने माझी बाही ओढली, बोट केलं आणि म्हणाला, "पुढील स्टेशन, कल्याण." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मीही डोळ्यांत बघायला सांगितलं नाही. गाडी खरंच कल्याणकडे चालली होती.