डाळ तुरीत आधीच असते का?

तुरीचं टरफल सहजी सुटत नाही. टरफल आणि आतली दोन दळं यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. म्हणून वऱ्हाडातल्या बाया तूर भिजवून, उन्हात वाळवून मगच जात्यावर भरडायच्या, सुपानं पाखडायच्या. उरलेली चुनी गोठ्यात जायची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी दाल मिल मुळात हेच करते. खरबरीत रोलर दाण्यावर ओरखडे पाडतो, मग तेल-पाण्याचा हात देऊन माल वाळवायचा आणि पुन्हा यंत्रात घालायचा.

मग या यंत्रानं नवं काय घडवलं? दाण्यात होतं तेच तर बाहेर काढलं!

आपल्या दर्शनकारांनी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य कारणात आधीपासून असतंच. तेल तिळातूनच निघतं, वाळूतून निघत नाही. घडा मातीत दडलेला असतो, कुंभार तो प्रकट करतो. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. घडा मातीत आधीच असेल तर मातीच्या गोळ्यात पाणी का राहत नाही, आणि कुंभारानं राबायचं तरी कशाला? त्यांच्या मते घडा ही खरोखरच नवी वस्तू आहे. शोध लावणारा माणूस निर्माता की नुसता उलगडा करणारा, हा आजचा प्रश्न याच वादाच्या पोटातला.

अमरावती जिल्ह्यात या प्रश्नाला एक विलक्षण साक्षीदार आहे. माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१. तान्हेपणीच दृष्टी गेली, म्हणून लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. ग्रंथ ते इतरांकडून वाचून घेत आणि स्मरणात ठेवत. वेदान्ती आणि कृष्णभक्त असलेल्या या माणसानं डार्विन आणि स्पेन्सर यांच्या उत्क्रांतिविचारांचीही चिकित्सा केली. शिवाय ‘नावंग’ नावाची स्वतंत्र भाषा आणि एक लघुलिपीही त्यांनी रचली. १९१५ मध्ये ते गेले, तेव्हा वय जेमतेम चौतीस. अंध माणसानं लिपी रचावी, ही गोष्ट वाचताना आजही मन थबकतं. फ्रान्समध्ये लुई ब्रेल या अंध तरुणानं १८२९ मध्ये ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली होती, ती बोटांनी वाचण्यासाठी. महाराजांची लिपी डोळस लेखनिकांच्या हातची.

लिपीच्या बाबतीत न्यायवाद्यांचं पारडं जड वाटतं. ध्वनी आधीपासून होते हे खरं. पण अमुक खूण म्हणजे अमुक ध्वनी, हा करार जगात कुठेही दडलेला नव्हता. तो कुणीतरी प्रथम केला. डाळीच्या बाबतीत मात्र सांख्य जिंकतात.

की तिथेही नाही? मोठ्या दाल मिल आधीही होत्या. शेतकऱ्याची तूर कच्च्या भावानं बाजारात जायची आणि डाळ होऊन चढ्या भावानं त्याच्याच घरी परत यायची. अकोल्याच्या यंत्रातली नवी गोष्ट म्हणजे त्याचा आकार आणि आवाका, गावात बसेल आणि बचत गटाला झेपेल असा. हा आकार तुरीच्या दाण्यात नव्हता, रोलरच्या लोखंडातही नव्हता. गावच्या अडचणीकडे कुणीतरी नीट पाहिलं, तेव्हा तो सुचला. शोधातला खरा नवा अंश या पाहण्यात असतो, आणि प्रगतीचं मोजमापही इथेच करायला हवं: संशोधकानं कुणाची अडचण आपली मानली?

ज्यांचं नाव अकोल्याच्या या कृषी विद्यापीठाला आहे, त्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर. परतल्यावर अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते १९२७ च्या सत्याग्रहात उतरले, आणि पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले. धर्म, न्याय आणि शेती हे त्यांच्या आयुष्यात एकाच रांगेत आले. आपण मात्र तत्त्वज्ञान एका इमारतीत आणि कृषी अभियांत्रिकी दुसऱ्या इमारतीत कोंडून ठेवली आहे.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत दर्शनं शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती: माती आणि घड्याचं उदाहरण देऊन झालं की मुलांना एकदा चालू दाल मिलपाशी न्या, आणि तिथेच वाद घालू द्या.