अधिकाऱ्याचे विद्यार्थीपण

वयाने, अनुभवाने आणि अधिकाराने मोठा झालेला मनुष्य पुन्हा खऱ्या अर्थाने विद्यार्थी होऊ शकतो काय? आणि झाला, तर त्याने शिकावे तरी काय? लहान मुलाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. कारण आपल्याला येत नाही हे त्याला ठाऊक असते व ते सांगण्याची त्याला लाज वाटत नाही. परंतु ज्याच्या सहीने शेकडो माणसांचे पगार ठरतात, ज्याच्या खोलीत शिरताना हाताखालचे लोक दाराशी थबकतात, त्याला ‘मला हे समजत नाही’ एवढे चार शब्द उच्चारणे अत्यंत कठीण जाते. म्हणून हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसला, तरी मुळात तो नीतीचा आहे.

चेन्नईहून समुद्रकाठच्या रस्त्याने मामल्लपुरमकडे निघाले, की सुमारे 40 किलोमीटरवर कोवलम हे कोळ्यांचे जुने गाव लागते. केरळातील याच नावाचे प्रसिद्ध गाव ते हे नव्हे. येथे 1974 साली ताज समूहाचे ‘फिशरमन्स कोव्ह’ हॉटेल उभे राहिले. शहराच्या गजबजाटापासून दूर अशा जागी मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांच्या बैठका व शिक्षणवर्ग भरवितात. याच रस्त्याने आणखी दक्षिणेस मनमई येथे ‘ग्रेट लेक्स’ ही व्यवस्थापनशास्त्राची संस्था आहे. अमेरिकेतील केलॉग विद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या बाला बालचंद्रन यांनी वयाची साठी उलटून गेल्यावर, 2004 साली, ती स्थापन केली. काही वर्षे नोकरी केलेली माणसे तेथे वर्षभर पुन्हा बाकावर बसतात. चालता पगार सोडून विद्यार्थी होणे, ही लहान गोष्ट नाही.

परंतु याच कोवलमला प्रौढांच्या शिक्षणाची याहून फार जुनी अशी एक कथा आहे. 1752 साली येथील किल्ला फ्रेंचांकडे होता. तो घेण्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह निघाला, तेव्हा त्याच्याजवळ सुमारे 500 नवे हिंदी शिपाई आणि विलायतेहून नुकतेच उतरलेले 200 गोरे रंगरूट होते. किल्ल्यातून पहिला गोळा येऊन एक जण पडला, तोच बाकीचे पळत सुटले. एक जण तर पुढे विहिरीच्या तळाशी दडलेला सापडला, असे मेकॉले या इतिहासकाराने नमूद केले आहे. क्लाइव्हने त्यांना व्याख्यान दिले नाही. जेथे गोळ्या येत होत्या, तेथे तो स्वतः सर्वांच्या देखत उभा राहिला. हळूहळू त्या भित्र्या माणसांत धीर उत्पन्न झाला आणि किल्ला हाती आला. स्वतः क्लाइव्हही मुळात कंपनीचा कारकून. शिपाईगिरी तो मोठेपणी, प्रसंगात पडूनच शिकला होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रौढ मनुष्य उपदेशाने थोडे शिकतो आणि वरिष्ठाच्या आचरणाने पुष्कळ शिकतो. परंतु येथेच थांबणारा वाचक अर्धेच सत्य घेऊन जाईल. ज्या कौशल्याने क्लाइव्हने भित्र्यांना शूर केले, त्याच कौशल्याच्या बळावर पुढे एक देश लुटला गेला. त्याच्या हिंदुस्थानातील संपत्तीची चौकशी ब्रिटिश पार्लमेंटने 1773 साली केली. हे धैर्य कोणत्या कार्यासाठी, हा प्रश्न त्याने ऐन उमेदीत स्वतःस विचारला असता, तर तो पुढे इतरांना भर सभेत विचारावा लागला नसता. जो प्रश्न मनुष्य विद्यार्थिदशेत टाळतो, तोच पुढे आरोप होऊन त्याच्यासमोर उभा राहतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली, तेव्हा तिच्या चालकांनी ही मानाची अडचण ओळखली होती असे दिसते. हैदराबादेस 1956 साली अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज स्थापन झाले. वऱ्हाडच्या युवराजाच्या ‘बेला व्हिस्टा’ या प्रासादात ते भरू लागले. इंग्लंडमधील हेन्ले येथील पद्धतीनुसार सरकारी खाती, कारखाने व पेढ्या यांतील अधिकाऱ्यांचे लहान गट करावयाचे आणि प्रत्येक गटाचे अध्यक्षपद आळीपाळीने एकेकाकडे द्यावयाचे, असा तेथील क्रम होता. आज अध्यक्ष असलेला उद्या दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली बसे. टाटा समूहानेही 1966 साली पुण्यास आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र शिक्षणकेंद्र काढले. अशा वर्गांत पुस्तकी ज्ञान मिळतेच. पण खुर्चीवरून उतरून दुसऱ्याचे ऐकावयाचे, हा धडा त्याहून मोलाचा होय.

कोणी म्हणेल, ‘कंपनी पैसा खर्च करते तो नफा वाढावा म्हणून, तेथे नीतीचा विचार कशाला?’ नफ्याची अपेक्षा गैर नाही. व्यापार नफ्यावरच चालतो आणि त्यावर अनेकांचे संसार चालतात. परंतु शिक्षणाने मनुष्याची शक्ती वाढते; आणि शक्ती वाढली, की चूक व अन्याय करण्याचे सामर्थ्यही त्याच प्रमाणात वाढते. हिशेबात निपुण झालेला अधिकारी तोटा लवकर हुडकून काढील, तसाच तो लपवीलही. म्हणून कौशल्य शिकविताना त्याचे प्रयोजन न विचारणे, म्हणजे शस्त्र देऊन त्याची दिशा न सांगणे होय.

गीतेचा श्रोता अर्जुन हा काही नवशिका बालक नव्हता. धनुर्विद्येत त्याची कीर्ती पसरलेली होती. तरीही दोन्ही सैन्यांच्या मध्ये, सर्वांच्या देखत, आपणास कर्तव्य उमगत नाही असे त्याने कबूल केले. बाण कसा सोडावा हे त्याने विचारले नाही. तो सोडावा की नाही, हे विचारले. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची जी साधने सांगितली आहेत, त्यांत नम्रता आणि सेवा यांच्या जोडीला प्रश्न विचारणे यालाही स्थान आहे, हे आपण सहसा विसरतो.

मग अधिकाऱ्याचे शिक्षण पुरे झाले, हे ओळखावे कसे? समुद्रकाठच्या वर्गातून आणलेले प्रमाणपत्र त्याची खूण नव्हे. खरी कसोटी पुढच्या सोमवारी, कचेरीत लागते. ‘साहेब, हे आपण का करीत आहोत?’ असे एखाद्या कनिष्ठ कारकुनाने निर्भयपणे विचारले आणि साहेबांनी न रागावता उत्तर दिले, किंवा उत्तर नसल्यास ‘विचार करून सांगतो’ म्हटले, तर ते शिक्षण अंगी लागले असे समजावे.

हा विचार केवळ कंपनीच्या साहेबांपुरता नाही. आपल्या घरीही आपण प्रत्येक जण थोडेबहुत अधिकारीच असतो. दुकानाचा हिशेब वहीऐवजी यंत्रावर कसा ठेवावा, हे बापाला आज मुलगा शिकवितो, आणि ते शिकताना बापाचे हात अडखळतात. त्या वेळी वडीलपण क्षणभर बाजूस ठेवून जो शांतपणे शिकतो, तो मुलालाही काही शिकवून जातो. नवी विद्या घेण्यास तो लाजला नाही, आणि त्या हिशेबात खोटा आकडा लिहिण्यास मात्र लाजला, हे मुलाने पाहिलेले असते.