आकडा कोणाच्या वाट्यावर?

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेचा ७ फेब्रुवारी १९९१ रोजी दाखवलेला एक भाग चोरीवर आहे. पण त्यात ना तिजोरी फुटते, ना दरोडा पडतो. होमर नावाचा बाप थोडक्या पैशांत केबलची चोरटी जोडणी घेतो आणि सगळे घर खूश होते. फक्त त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला, लिसाला, ती खुपते, कारण ‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा ती नुकतीच चर्चच्या शाळेत शिकली आहे. दुकानात आईने पैसे देण्याआधी दोन द्राक्षे तोंडात टाकली, तर त्यांचेही पैसे ती द्यायला लावते. द्राक्षांचा दुकानदार समोर दिसतो. केबल कंपनी दिसत नाही. होमरचा सगळा युक्तिवाद या न दिसण्यावरच उभा आहे.

आपल्याकडे बोरगाव असो की सौसर-पांढुर्ण्याचे कुठलेही गाव, केबलपेक्षा वीजचोरीचा आकडा जास्त ओळखीचा. बागेतली चार संत्री कोणी न विचारता तोडली तर धुऱ्यावर भांडण होते. तारेवर टाकलेल्या आकड्याला मात्र कोणी चोरी म्हणत नाही. ‘सरकारचंच तर आहे’ म्हटले की विषय संपतो. खरे तर इथेच तो सुरू व्हायला हवा. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, किती भार पेलणार हे ठरलेले असते. नोंद नसलेल्या मोटरी त्यावर चढल्या की विजेचा दाब घसरतो, मोटर घोंघावते पण पाणी ओढत नाही आणि एखाद्या दिवशी डीपीच जळतो. तेव्हा ऐन ओलिताच्या दिवसांत वीज कंपनीचे साहेब नव्हे, वेळेवर बिल भरणारा शेजारी हात चोळत बसतो. चोरी कंपनीची वाटते; भुर्दंड त्याला पडतो.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, बिले अवाच्या सवा येतात. येत असतील, पण त्यासाठी तक्रार करावी, चार जणांनी मिळून कार्यालयात जाऊन जाब विचारावा. आकड्याने कंपनीला धडा मिळत नाही, फक्त एकाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. दुसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो वजनदार आहे. पण गरिबाला वीज स्वस्त मिळावी ही मागणी उजेडात करण्याची आहे. शिवाय ज्याच्याकडे मोटर आहे, कूलर आहे, त्याने गरिबाच्या नावाआड लपू नये. २००३च्या वीज कायद्यात या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पथक येऊन गेले की भीती ओसरते आणि आकडा पुन्हा चढतो.

भीती जे करत नाही ते लिसा करते. पाद्री तिला सांगतो, बापाला पकडून देऊ नकोस, तू स्वतः बघू नकोस. घरात सगळे बॉक्सिंगचा सामना पाहत असताना ती बाहेर अंगणात जाऊन बसते, आणि शेवटी होमर स्वतःच तार कापतो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून लिहिताना गांधीजींनी अस्तेय याहून पुढे नेले होते: गरज नसताना घेतलेले, मग ते परवानगीने का असेना, चोरीच. तेवढे आपल्याला झेपणार नाही. पण आकड्यावर चालणाऱ्या मोटरीचे पाणी आपल्या वाफ्यात घ्यायचे नाही, एवढे नक्की झेपेल. आणि फुकटाला गावात मिळालेली प्रतिष्ठा मोडायला तेवढ्यापासूनच सुरुवात करता येते.