रेघेबाहेर गेलेला रंग

दिवाळीच्या तोंडावर पनवेलमध्ये विशेष शाळांच्या पणत्या विकायला येतात. सोसायटीच्या आवारात, कधी एखाद्या कंपनीच्या ऑफिसात टेबल मांडलेलं असतं. पणत्या, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या, आकाशकंदील. आपण घेतो, गरजेपेक्षा दोन-चार जास्तच घेतो. पणती निरखून पाहिली तर नक्षीची रेघ सरळ असते, टिकल्या नेमक्या अंतरावर असतात, आणि ही सफाई अनेकदा वर्गावरच्या ताईंच्या हातची असते. गिऱ्हाईक वाकडी पणती उचलत नाही, हे ताईंना ठाऊक असतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या पणतीला निळाच रंग का, तो कोणी निवडला, असं त्या टेबलापाशी कोणी विचारत नाही. न विचारण्याची ही सवय बरीच जुनी आहे.

१८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये इटार्ड या तरुण डॉक्टरकडे जंगलात सापडलेला एक मुलगा आला. व्हिक्टर हे नाव त्याला नंतर मिळालं. तो बोलत नव्हता. इटार्डने भाषेआधी इंद्रियांपासून सुरुवात केली: ऊन-गार पाणी, वास, स्पर्श, आवाजातला फरक. त्याचा शिष्य सेगाँ याने त्यातून पद्धत बांधली आणि १८६६ मध्ये ती अमेरिकेत ग्रंथरूपाने मांडली. रंग, आकार, खरखरीत, गुळगुळीत हे सगळं त्या पद्धतीत आहे. मात्र तिथे रंग शिकायचा तो पुढे अक्षर ओळखता यावं, हात कामाला लागावा म्हणून. रंगात रमायला त्या वेळापत्रकात जागा नव्हती.

मारिया माँटेसरीने या दोघांची पुस्तकं स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली. रोममध्ये ज्यांना ‘मंद’ ठरवून बाजूला काढलं होतं, त्या मुलांवर तिने ही पद्धत वापरली आणि त्यातली काही मुलं सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेत पास झाली. सगळे कौतुक करत होते. माँटेसरीला मात्र वेगळाच प्रश्न पडला: मग धडधाकट मुलं इतकी मागे का? १९०७ मध्ये सान लोरेन्झोच्या वस्तीत तिचं बालगृह सुरू झालं. पुढे ही पद्धत आपल्याकडेही आली. १९२६ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९४५ पासून बोर्डीत ताराबाईंनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, माती मुलांच्या हातात दिली. गरिबाच्या पोरालाही सौंदर्य लागतं, हे त्या काळी इतक्या स्वच्छपणे कृतीत आणणारी माणसं फार नव्हती.

मला इथे खटकतं ते असं. जी पद्धत मुळात बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी जन्मली, ती बालवाडीतून चारचौघांच्या मुलांकडे गेली आणि मूळ मालक मागे राहिले. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात शाळा निघाल्या त्या पालकांच्या आणि थोड्या ध्येयवेड्या शिक्षकांच्या बळावर. १९४४ मध्ये जय वकील यांनी मुंबईत आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. १९६४ मध्ये पुण्यात ‘कामायनी’ आली. आईबापांपुढे एकच चिंता होती: आमच्या मागे याचं काय? त्या चिंतेला मेणबत्ती, फाइल, खडू, विणकाम हे उत्तर होतं आणि ते प्रामाणिक उत्तर होतं. वर्ध्याच्या नई तालीम शिक्षणपद्धतीमुळे हातकामाला प्रतिष्ठाही आली होती. फक्त नई तालीममध्ये टकळीतून गणित आणि भूगोल शिकायचा होता. इथे पुष्कळदा टकळीच उरली.

त्याआधीच व्हिएन्नात काही निराळं घडून गेलं होतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड हा चित्रकलेचा शिक्षक अंध मुलांच्या संस्थेत माती घेऊन गेला. अंधांना दृश्यकलेशी काय देणंघेणं, असं मानणारे जाणकार भोवती होतेच. मुलांनी चेहरे घडवले, माणसं घडवली. त्यांची मापं डोळ्यांनी पाहिल्यासारखी नव्हती. वस्तू धरणारा हात शरीरापेक्षा थोराड झाला, कारण त्या घटकेला मुलाच्या जाणिवेत तो हातच सगळ्यात मोठा होता. लोवेनफेल्डने हे मोडलेलं प्रमाण दुरुस्त केलं नाही. जग पाहण्याची ही दुसरी रीत आहे, असं त्याने मांडलं. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला आणि त्याचा विचार अमेरिकेतल्या चित्रकलेच्या वर्गांत रुजला. या सगळ्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. इथवर शिक्षक मुलाला काहीतरी देत होते. इथे पहिल्यांदा एक शिक्षक मुलाकडून काहीतरी घेत होता.

संगीतातही तसंच झालं. १९५९ मध्ये पॉल नॉर्डॉफ हा संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष शिक्षक एकत्र आले. मूल रडत असेल तर नॉर्डॉफ त्या रडण्याचा सूर पियानोवर पकडायचा आणि तिथून पुढे जायचा.

आपल्याकडे आता उपचार म्हणून कला आली आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. पनवेलच्या पालकांना पूर्वीसारखी प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. तरी मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात चित्रकला बहुधा बोटांच्या हालचालींच्या रकान्यात बसते आणि नाच तोल सांभाळण्याच्या. फायदा होतोच, नाकारायचं कारण नाही. पण भीमसेन जोशी ऐकताना माझ्या फुफ्फुसांना किती व्यायाम झाला, असं मला कोणी विचारत नाही. आनंदाची पावती फक्त याच मुलांना का फाडावी लागते? ‘तारे ज़मीन पर’ या चित्रपटाने २००७ मध्ये डिस्लेक्सिया घराघरांत नेला, हे त्याचं श्रेय. तरी शेवटी त्यातला ईशान चित्रस्पर्धा जिंकतो, तेव्हाच आपण सुस्कारा सोडतो. तो हरला असता तर?

कायदा याबाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये दिव्यांगांना सहभागी होता यावं म्हणून कलाविषयांचे अभ्यासक्रम नव्याने आखण्याची गोष्ट आहे. ती कुठून सुरू करावी, याला माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. पनवेलमध्ये गल्लोगल्ली चित्रकलेचे क्लास आहेत आणि त्यांची गाडी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांवर चालते. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून गर्दीही असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं कागदावर आणि रंग रेघेच्या आत. तासाभरावर गणपतीच्या मूर्तींचं पेण आहे. तिथून पनवेलला शाडू आणणं अवघड नाही. एखाद्या अंध किंवा स्वमग्न मुलाने आपलं स्मरणचित्र मातीत करायचं म्हटलं तर त्याला मुभा द्यावी. मग त्यातल्या थोराड हाताला गुण कसे द्यायचे, यासाठी परीक्षकांना आधी एकत्र बसून लोवेनफेल्ड वाचावा लागेल.