ऐकण्याची विद्या

आपल्या धर्मग्रामांतील काही मुलेमुली मानसशास्त्राची पदवी घेऊन समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळू लागली आहेत. घरात हा विषय निघाला की वडीलधाऱ्यांकडून दोन प्रश्न हमखास येतात. दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यायला एम.ए. कशाला व्हावे लागते? आणि ऐकून घेण्याचे पैसे घेणे शोभते काय? हे प्रश्न जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारावेत असे आम्हांला वाटत नाही. ज्या समाजात धर्मगुरू, धर्ममाता, शेजारची मावशी आणि ओटीवर सुपारी कातरत बसलेले आजोबा यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांची गाऱ्हाणी फुकट ऐकली, त्या समाजाने असे विचारणे स्वाभाविकच आहे.

पण ते ऐकणे खरोखर फुकट होते काय? ओटीवर सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोहोचत असे. सुनेने मावशीजवळ मन मोकळे केले, तर त्या शब्दांची किंमत पुढच्या लग्नसराईत तिच्या धाकट्या बहिणीला मोजावी लागे. ज्याने ऐकले त्याचा सांगणाऱ्यावर एक अदृश्य हक्क निर्माण होई. त्याचा सल्ला मानला नाही की तो रुसे. नात्यातला कान मायेचा असतो खरा, पण त्याची उधारी कधी फिटत नाही. ठरलेली फी देऊन उठणारा माणूस निदान कोणाचा मिंधा राहत नाही. फीविषयी आमची तक्रार आहे ती निराळीच. ज्याच्या खिशात ती नाही त्याने कोठे जावे? रोजंदारीवर चालणाऱ्या घराला शहरातील समुपदेशकाचा एक तास परवडत नाही, आणि या व्यवसायाने त्याचे उत्तर अजून पुरतेपणी दिलेले नाही.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. 'समुपदेशन' हा आपला मराठी शब्द तसा थोडा फसवाच. त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, आणि अभ्यासक्रमाच्या आरंभापासून विद्यार्थ्याच्या जिभेवरून जी गोष्ट उतरवण्याचा यत्न होतो ती नेमकी उपदेशच होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) तरुणपणी धर्मसेवेच्या विचाराने न्यूयॉर्कमधील ईशज्ञान विद्यालयात दाखल झाले होते. दोन वर्षांनी ते मानसशास्त्राकडे वळले. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका माणसाशी झालेल्या भेटींतील सारे संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापले. बंद दाराआड काय बोलले जाते ते शिकणाऱ्याला वाचता येऊ लागले. आजचा विद्यार्थीही आलेल्या माणसाच्या संमतीने असे संभाषण उतरवतो आणि आपले प्रत्येक वाक्य पर्यवेक्षकापुढे ठेवतो. मुलाने 'बाबा गेल्यापासून घरात शिरवत नाही' असे म्हटल्यावर तू लगेच 'काळ सगळे बरे करील' असे का म्हणालास? ते दुःख त्याला सोसवत नव्हते की तुला? अशा प्रश्नाला उत्तर देणे हे कोणत्याही लेखी परीक्षेहून अवघड असते. अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत आधी १०० तासांचा प्राथमिक सराव आणि नंतर ६०० तासांची उमेदवारी करावी लागते. त्या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसण्यात जावे लागतात. आपल्याकडे हे प्रमाण विद्यापीठागणिक बदलते, पण शिकवणीचे मर्म तेच.

आपणां कॅथलिकांना तर हे नवे वाटण्याचे कारण नाही. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात समुपदेशन शिकून आले आणि पुढे पुण्यात त्यांनी 'साधना' ही संस्था सुरू केली. ती नंतर लोणावळ्यास गेली. ऐकण्याचा अधिकार ज्यांना गुरुदीक्षेने लाभला होता, त्यांनाही ऐकण्याची विद्या वेगळी शिकावीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र या विद्येचा सर्वांत कठीण धडा गुपिताचा आहे. आपल्या मनात गुपिताची जी कल्पना रुजली आहे ती पापनिवेदनाच्या आसनापाशी रुजली आहे. १९८३ च्या चर्च-कायद्याचे ९८३ वे कलम धर्मगुरूला शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने आणि कोणत्याही कारणासाठी पापनिवेदनाचे गुपित उघड करू देत नाही. तेथे अपवाद नाही. समुपदेशकाचे वचन असे नसते. ते आरंभीच अपवादांसह दिले जाते. मग ते कमी प्रतीचे वचन म्हणावे काय?

या प्रश्नावर विद्यार्थ्यांना एक जुना खटला बहुधा शिकवला जातो. १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे भारतातून शिकायला गेलेल्या एका तरुणाने विद्यापीठाच्या रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाला आपण एका मुलीला ठार मारणार असल्याचे सांगितले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. त्यांनी तरुणाची चौकशी केली, तो शुद्धीवर दिसला, त्यांनी त्याला सोडून दिले. त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना मात्र कोणीच काही सांगितले नाही. ऑक्टोबरात तातियाना तारासॉफचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचे रक्षण करण्यासाठी वाजवी ती पावले टाकणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरते. एका न्यायमूर्तींनी तेव्हाच आपले भिन्न मत नोंदवले होते: गुपित फुटते हे कळले तर असे विचार मनात असलेली माणसे उपचाराला येणारच नाहीत, आणि मग धोका वाढेल. आम्हांला बहुमताचा निर्णय पटतो, पण त्या भिन्न मताचे ओझे पाठीवरून उतरत नाही.

आपल्या देशात हे ओझे आणखी जड झाले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि त्याबरोबरच, दुसऱ्या कोणाला इजा होऊ नये म्हणून जरूर तेवढीच माहिती देण्याची मोकळीकही ठेवली. येथवर ठीक. परंतु बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, ज्याला सारे 'पॉक्सो' म्हणतात, मोकळीक देत नाही, सक्ती करतो. अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याचा हेतू अत्यंत रास्त आहे. घराण्याची अब्रू, संस्थेचे नाव, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीड यांखाली किती मुलांचे रडणे दडपले गेले हे आठवले, की अशी सक्ती आधीच का नव्हती असे वाटते.

तरी एक उदाहरण मनात आणून पाहावे. सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या समुपदेशिकेपाशी येते. आळीतल्याच एका मुलावर तिचे प्रेम आहे, संबंध शरीरापर्यंत गेला आहे, तिच्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. ती घाबरली आहे ती आईला. कायद्याच्या दृष्टीने तिची संमती ही संमतीच नव्हे. कळवले तर मुलगा आरोपी होतो, मुलीची वैद्यकीय तपासणी, जबाब, वस्तीत बोभाटा. न कळवले तर समुपदेशिका गुन्हेगार ठरते. आणि जे तिला प्रेम म्हणून सांगितले गेले ते खरोखर प्रेमच होते की भीतीने पांघरलेले दुसरे काही, याची खात्री एका भेटीत कोणाला देता येईल? तिशी न गाठलेल्या समुपदेशिकेने हा निर्णय करायचा असतो. एम.ए. कशाला, असे विचारणाऱ्यांना आम्ही हेच दाखवू. मावशीला हा पेच कधी पडला नाही, कारण तिने गुपित राखण्याचे वचनच दिलेले नव्हते. ज्या देशात डॉक्टर म्हणवून घ्यायला नोंदणी लागते पण समुपदेशक म्हणून दारावर पाटी लावायला दीर्घकाळ कसलीच लागत नव्हती, तेथे शिक्षणाचा आग्रह आणखीच धरला पाहिजे.

मर्यादित वचन कमी प्रतीचे असते असे आम्हांला वाटत नाही. पापनिवेदनात माणूस देवासमोर असतो आणि धर्मगुरूजवळचे ते गुपित त्याचे स्वतःचे नसते. समुपदेशकासमोर दोन माणसे असतात, आणि दाराबाहेर कधी कधी तिसरे, ज्याच्या जिवाचा प्रश्न असतो. वचन मोडण्याचा दोष लागतो तो मर्यादा लपवून ठेवल्यास. म्हणून विद्यार्थ्याला शिकवतात की, पहिल्या भेटीत, कहाणी सुरू होण्यापूर्वी, ही मर्यादा साध्या भाषेत सांगावी. येथे बोललेले येथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी मुलाला छळत असेल, तर मला ते सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन.

हे ऐकून समोरचे मूल गप्प होण्याचा संभव असतो. ते खिडकीबाहेर पाहते, परीक्षेचे काहीबाही बोलते आणि उठते. शिकणाऱ्या मुलीला वाटते, मर्यादा सांगितली नसती तर ते बोलले असते. बोललेही असते. अशा वेळी तिने काय करावे याला पुस्तकात फार थोडे उत्तर आहे. मुलाला दारापर्यंत पोहोचवावे आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी आपण येथे असू एवढे सांगावे. आणि त्या वारी तेथे असावे.