आधी तो पाय बघ

ऊठ. वही घेऊन पुढे ये.

टर्नरच्या ‘स्लेव्ह शिप’ या चित्रावर चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत नुसता सूर्यास्त! केशरी, तांबडा, सोनेरी. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड उतरवल्यासारखं. ‘गुलाम’ हा शब्द शोधून सापडत नाही.

प्रिंट समोर धर. उजवा कोपरा, खाली. ‘मासे’ लिहून मोकळा झालास. ते मासे कशावर तुटून पडलेत? पाय आहे तो. माणसाचा पाय, घोट्यात बेडी. बाकी सगळा माणूस पाण्याखाली. आता डावीकडे सरक. लाटांतून हात वर आलेत आणि साखळ्या पाण्यावर आहेत. लोखंड तरंगत नाही, हे टर्नरला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला? त्या साखळ्या त्याला आपल्याला दाखवायच्याच होत्या.

चित्राचं पूर्ण नाव तरी वाचायचंस. मेलेल्यांना आणि मरणाऱ्यांना समुद्रात फेकणारं गुलामांचं जहाज, तुफान येतंय. मरणाऱ्यांना! म्हणजे अजून श्वास चालू असलेल्यांना. यामागे ‘झाँग’ जहाजाची हकीकत आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1781 साली जमैकाकडे निघालेल्या त्या जहाजावरून 130हून अधिक माणसं समुद्रात लोटली. सबब काय, तर पाणी पुरणार नाही. गुलाम आजाराने मेला तर विमा बुडतो. जहाज वाचवायला ‘माल’ फेकला तर डोक्यामागे 30 पौंड मिळतात. मालकांनी दावा लावला. 1783 साली ज्यूरीने तो मान्यही केला. पुढे फेरसुनावणीचा हुकूम झाला, पण खुनाचा खटला कुणावरच चालला नाही.

टर्नरलाही सोवळा समजू नकोस. 1805 साली जमैकातल्या, गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या धंद्यात त्याने 100 पौंड गुंतवले होते. त्याच हाताने 1840 साली रॉयल अकॅडमीत हे चित्र लावलं. हे तुझ्या निबंधात यायला हवं होतं.

आणि हा समीक्षक रस्किन! त्याची स्तुती बरी उचललीस. चित्र त्याच्या घरात होतं. समुद्राच्या रंगांवर तो भरभरून लिहितो आणि गुलामांना तळटीपेत ढकलतो. शेवटी सोबत राहणं सोसेना म्हणून चित्र विकून टाकलं. एवढ्या मोठ्या माणसाची नेमकी चूक तेवढी घेतलीस! आणि तू तर तळटीपही दिली नाहीस.

ही चार पानं मी तपासणार नाही. उद्या तो पाय पेन्सिलने काढून आण, बेडीसकट. आकाशाचं मग बोलू.